गुणाजी तांबे यांचा ओला कचरा

आमच्या इमारतीत कोणाकडे काय शिजतंय हे जिना सांगतो. लिफ्ट आहे, पण ती वर्षातले बरेच महिने दुरुस्तीची वाट पाहत तळमजल्यावर उभी असते, त्यामुळे माणसांना आणि वासांना वर जायला रस्ता एकच. डोंबिवली पश्चिमेला, मोठागावकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर शेवंतीबाई तांबे होत्या तोवर तिथल्या वासाची कोणी चौकशी करत नसे. भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, वर लसूण. हे इतकं ठरलेलं होतं की कुरियरवाल्याला पत्ता सांगताना लोक 'वास येईल तिथं बेल वाजवा' म्हणत. शेवंतीबाई गेल्या आणि तिसरा मजला बिनवासाचा झाला. कुरियरवाले चुकून चौथ्यावर जाऊ लागले.

मागे राहिले त्यांचे यजमान, गुणाजी तांबे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. अंगानं सडसडीत, मिशी पांढरी, आणि सकाळी कोणी भेटलं की आधी 'जयभीम' आणि मग त्याच्या घरचा फोन कोणत्या साली लागला ते. डोंबिवलीतल्या गल्ल्या इतर लोकांना खालून माहीत आहेत. तांब्यांना त्या वरून माहीत होत्या. खांब केव्हाच गेले, पण पत्ता सांगताना ते अजून खांबाचाच सांगत. "तो दवाखाना ना? मधमाश्यांच्या खांबाच्या पुढं, उजवीकडं." मधमाश्याही गेल्या, खांबही गेला. विचारणारा माणूस मान डोलावून पुढे जाई आणि कोपऱ्यावर दुसऱ्याला विचारी.

स्वयंपाकाशी त्यांचा संबंध बाजारापुरता. बांगडा ताजा की बर्फातला हे ते टोपलीपासून दोन हात लांब उभे राहून सांगत. पिशवी ओट्यावर ठेवली की त्यांचं काम संपलं. पुढचं सगळं ते हॉलमध्ये पेपर वाचता वाचता ऐकत. चाळीस वर्षं त्यांनी स्वयंपाक बघितला नाही, ऐकला.

शेवंतीबाईंचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि तांबे नूडल्सवर आले. सकाळी एक पाकीट, संध्याकाळी एक पाकीट. हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. पण एक दिवस जिन्यात त्यांना घेरी आली, आणि घोडबंदर रोडवरून त्यांची मुलगी प्रियांका धावत आली.

"काका, जेवता काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नूडल्स."

"आणि रात्री?"

"तेच."

"मधे?"

"मधे चहा. नूडल्सवर चहा चांगला लागतो."

डॉक्टर हसले. प्रियांका हसली नाही. रक्त कमी, वजन कमी, मीठ जास्त असं कायकाय निघालं. खाली उतरताना ती म्हणाली, "पप्पा, बस झालं. तुम्ही आमच्याकडे या. खोली रिकामी आहे. एसी आहे. खिडकीतून खाडी दिसते."

"खाडी इथं पण आहे."

"इथं दिसत नाही. नुसता वास येतो."

"म्हणजे आहे ना."

खोलीबद्दल तांब्यांची काही तक्रार नव्हती. मागे एकदा ते तिथे पंधरवडाभर राहून आले होते. सत्ताविसावा मजला. जावई सलिल भला माणूस, रोज विचारायचा, "पप्पा, ओके ना?" आणि उत्तर ऐकायच्या आत त्याची मीटिंग सुरू व्हायची. लिफ्टमध्ये माणसं असत, पण सगळी आकड्यांकडे बघत असत. फिरायला कंपाउंडच्या आत एक रंगवलेला गोल रस्ता होता. निघालो तिथेच परत येऊन पोचायचं, याला तांबे फिरणं म्हणत नसत. परत आल्यावर त्यांनी इमारतीत एवढंच सांगितलं, "जागा मस्त आहे. कोणी ओळखत नाही." हे ते कौतुक म्हणून सांगतायत असं पहिल्या मजल्यावरच्यांना वाटलं.

तर आता प्रश्न सरळ होता. घर सोडायचं की राहायचं. प्रियांकानं सुरुवातीला डबा लावून दिला. डब्यात सोमवारी पनीर यायचं, मंगळवारी बटाटा, बुधवारी छोले. ग्रेव्ही मात्र कायमची नोकरीला होती. तांब्यांनी तो परस्पर बंद केला. तेव्हा प्रियांकानं शेवटचं सांगितलं.

"मी दर रविवारी येणार. न सांगता. तुमच्याबरोबर जेवणार. घरी केलेलं जेवण दिसलं पाहिजे. पाकीट नको. महिना-दीड महिना बघते. नाहीतर बॅग भरायची, मग तुमचं काही ऐकणार नाही."

दर रविवारी न सांगता येणार, हे तिनं असं नीट सांगून ठेवलं. पूर्वी ही धमकी पोकळ ठरली असती. घोडबंदरवरून डोंबिवलीला यायचं म्हणजे माजिवड्याच्या सिग्नलपाशी निम्म्या माणसांचा विचार बदलायचा. पण आता माणकोलीचा पूल झालाय. खाडीवरून गाडी थेट मोठागावात उतरते. त्या पुलाचं शहरानं स्वागत केलं. एकट्या तांब्यांनी राखून ठेवलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. कुकर लावला. शिट्टी यायच्या जागी डाळ आली, आणि तडक छतावर गेली. तिचा पिवळा डाग अजून तिथे आहे. रविवार जवळ येत चाललेला. तांबे खाली साईनाथच्या दुकानात गेले. साईनाथ हा किराणा विकणारा आणि सल्ला फुकट देणारा माणूस.

"काका, हे घ्या. तयार डाळ. पाकीट गरम पाण्यात टाका, फोडा, झालं. सगळे बॅचलर हेच नेतात."

"मी बॅचलर नाही."

"आता झालात ना."

 साईनाथनं मग न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि पंख्याकडे बघत राहिला.

त्या दुपारी तांब्यांनी डाळ खाल्ली आणि ताटासमोर बसून विचार केला. फोन बंद असला की लाइनमन आधी फोन बघतो, मग वायर, मग पेटी, मग खांब. मधे उडी मारत नाही. डाळ शिजलेली होती, ठीक. मीठ होतं, जरा जास्तच होतं. तिखट होतं. मग मेलं काय होतं? वास. पाकिटातली डाळ कुठल्यातरी कारखान्यात झाकण लावून शिजलेली. तिचा सगळा वास तिथेच राहिला. त्या कारखान्याच्या शेजारपाजारचे लोक मजेत असणार. आपल्याला येते ती नुसती डाळ.

वास घरीच काढायला हवा होता. फोडणी कशी करतात हे त्यांनी पाहिलं नव्हतं, पण आवाज पाठ होता. आधी तडतड. ती थांबली की टपटप, म्हणजे लसूण पडला. मग थोडी शांतता. त्या शांततेत शेवंतीबाई नेहमी काहीतरी ओरडून सांगायच्या. मग एकदम चर्र, आणि लगेच झाकणाचा ठणका. तांब्यांनी लोखंडी पळी तापवली आणि आवाज जुळवायला बसले. पहिल्यांदा मोहरी काळी पडली. दुसऱ्यांदा लसूण. तिसऱ्यांदा लसूण सालासकट ठेचून टाकला, एक लाल मिरची, कढीपत्ता. रंग बदलला तसं सगळं डाळीत ओतलं आणि झाकण मारलं. दोन मिनिटं उघडलं नाही, कारण आवाजातही मधे तेवढा खंड असायचा.

रविवारी प्रियांका आली ती जिन्यातूनच नाक वर करून.

"वास कुठून येतोय? समोरच्या कल्पितावहिनींकडून?"

"आपल्याकडून."

ताटात डाळ, भात, लिंबू, चिरलेला कांदा. तिनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाली, "पप्पा, खरंच तुम्ही केलीत?"

"मग काय भुतानं केली?"

हे उत्तर नव्हतं, पण तिला चाललं. जाताना ती भांड्याला लागलेलीही चाटून गेली.

यश माणसाला बिघडवतं, तसं तांब्यांचं झालं. ते पाकिटांच्या नादाला लागले. फक्त आता पाकीट आणायचं ते खायला नव्हे, दुरुस्त करायला. तयार उपम्याचं मिश्रण थेट गरम पाण्यात न टाकता आधी तव्यावर कोरडं परतायचं, मग त्या रव्याला रव्यासारखा वास येऊ लागतो. वर चमचाभर तूप, ओलं खोबरं, लिंबू. गोठवलेले पराठे पॅकेटवर लिहिल्याप्रमाणे नॉनस्टिकवर भाजले की रबरी होतात. लोखंडी तव्यावर फडक्यानं दाबून, शेवटी नुसत्या आचेवर क्षणभर धरायचे आणि लगेच कापडात गुंडाळून डब्यात. नूडल्सची पुडी निम्मी फेकायची. निम्म्या पुडीत कांदा, अंडं, आणि कोथिंबिरीच्या काड्या. पानं नव्हेत, काड्या. पानांचा वास उडतो, काड्या टिकून राहतात.

समोरच्या दारातल्या कल्पितावहिनी यात सामील झाल्या. बँकेत नोकरी, बोलणं फाटकन. "काका, रोज वाटण कुठं घालत बसता? एकदाच करा." कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, लसूण-आल्याबरोबर वाटायचं, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला. हवं तेव्हा एक चौकोन काढायचा. कुठल्याही पाकिटातल्या भाजीत तो घातला की ती भाजी आपल्या जातीची होते. तांब्यांनी ट्रे भरला, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्याला सरबतात बर्फ म्हणून वाटणाचा खडा मिळाला. तो परत आला नाही.

वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे, शेवंतीबाईंच्या लाल मसाल्याची बरणी होती. वर हिंगाचे खडे ठेवलेली. तांब्यांनी ती एकदा काढली, झाकण उघडलं, आणि परत ठेवून दिली. दोन दिवसांनी पुन्हा काढली आणि पाकिटातल्या छोल्यांत अर्धा चमचा घातला. त्या रविवारी प्रियांका जेवताना थांबली.

"हा आईचा मसाला."

"हो."

"आहे अजून?"

"आहे थोडा."

मग दोघांनी छोले संपवले. भात मात्र कोणी पुन्हा घेतला नाही.

आणि खिचडी. पाकिटातली मुगाची खिचडी ही आजाऱ्याला बरं वाटू नये म्हणून केलेली असते, असं तांब्यांचं मत. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे सुकट. मूठभर सुकट तव्यावर कुरकुरीत भाजायची, हातानं चुरडायची, कांदा-मिरची-लिंबू, आणि खिचडीवर. त्या दिवशी पहिल्या मजल्यानं खिडक्या लावून घेतल्या आणि चौथा मजला वाडगा घेऊन खाली आला.

रविवार असे सरत होते. तांब्यांचं वजन वाढलं, गालांत जागा भरली. पाकिटांचा पुरावा ते चोख नष्ट करत. रिकामी पाकिटं धुवायची, आतल्या दोरीवर टॉवेलमागे चिमट्यानं वाळत घालायची, आणि सकाळी घडी करून मायाच्या हातात द्यायची. माया म्हणजे कचरा न्यायला येणारी. ओला डबा वेगळा, सुका वेगळा, यात ती कोणाची गय करत नसे. चौथ्या मजल्यावरच्या वकिलांनाही तिनं एकदा जिन्यात उभं करून त्यांचा सुका कचरा वेचायला लावला होता.

आणि धोका मायाकडूनच आला. एका रविवारी तिला उशीर झाला, प्रियांका आणि ती दारातच भेटल्या.

"ताई, तुमच्या पप्पांचा सुका डबा भरलेला असतो. ओला बघा, उपाशी." तिनं ओला डबा हलवून दाखवला. आत चहाचा चोथा आणि लसणाची सालं. "भाजी चिरतात का नाही हे?"

प्रियांकानं वळून बघितलं. "पप्पा?"

"काल टाकला सगळा. काल भरपूर होता."

"काल कुठं? काल तर मी..." माया बोलायला लागली. तांब्यांनी तिच्या हातात सुका डबाही दिला आणि दार लोटलं.

जाताना प्रियांकानं फ्रीज उघडून बघितला. तांब्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घरात तपासणी झाल्यासारखं वाटलं. ती गेल्यावर त्यांनी समोरची बेल वाजवली.

"वहिनी, एक काम होतं. साली आहेत का?"

"काय?"

"भाजीच्या. दर शनिवारी थोड्या दिल्यात तर बरं होईल. वाटीभर पुरे."

कल्पितावहिनी दाराला टेकून हसत सुटल्या. "अहो काका, लोक साखर मागायला येतात. आमच्या ह्यांना ऐकवते थांबा."

"ह्यांना नको. गंभीर बाब आहे."

"एवढं आहे तर भाजी चिरा ना एखादी."

"चिरली तर करावी लागेल."

यातला तर्क कल्पितावहिनींना बिनतोड वाटला. शनिवारी संध्याकाळी त्यांनी पिशवी बांधून दिली. तांब्यांनी ती न उघडता ओल्या डब्यात उलटी केली आणि अंगावरचं ओझं उतरल्यासारखे खिडकीत जाऊन बसले. खात्यात असताना ते जोडणी केल्यावर दोनदा तपासत. इथे एकदाही तपासली नाही.

कल्पितावहिनींच्या यजमानांना मधुमेह आहे. त्यांच्याकडे आठवड्यातून तीन वेळा कारलं होतं.

रविवारी प्रियांका चहाची गाळणी झटकायला गेली आणि डब्यापाशी वाकलेलीच राहिली. हिरवी खरवड, पांढरा गर, लालसर बिया.

"पप्पा. हे कारलं आहे."

तांबे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. "असेल."

"तुम्ही कारलं खाता? तुम्ही? माझ्या साखरपुड्याला माझ्या सासूबाईंनी वाढलेलं, तर तुम्ही रुमालात गुंडाळून खिशात घातलेलं! घरी येऊन आई किती ओरडली होती."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"आणि आता?"

"आता डॉक्टर म्हणाले."

डॉक्टर असं काहीही म्हणाले नव्हते. पण प्रियांका खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असावं. निदान आवाजात आलं. आपले पप्पा, खांबावर चढून विजेच्या तारेला न भिणारे आणि कारल्याला भिणारे, आपल्यासाठी कारलं खायला लागले! तिनं तिथूनच सलिलला फोन लावला. "अरे ऐक ना, पप्पा कारलं करून खातायत... नाही रे, स्वतः करून." पलीकडून सलिल म्हणाला असावा की मग राहू दे त्यांना तिथेच, कारण ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी. पुढच्या रविवारी बोलू आपण."

पेपरमागे तांबे जिंकत होते. तेवढ्यात तिनं फोन ठेवला.

"पप्पा, पुढच्या रविवारी मी कारली आणते. ठाण्याच्या बाजारातली छान असतात. मला तुमच्या हातचं खायचंय. माझ्यासमोर करा."

तो आठवडा त्यांनी कसा काढला हे कल्पितावहिनी सांगतात. दुकानात तयार कारलं मिळतं का हे त्यांनी साईनाथला विचारलं. साईनाथ म्हणाला, लोणचं आहे. कल्पितावहिनींनी सांगितलं, "काका, सोपं असतं. मीठ लावून ठेवायचं, घट्ट पिळायचं, मग तेलात कुरकुरीत करायचं." तांब्यांनी ऐकलं. पण ऐकलं ते बोलणं; आवाज नव्हता. शेवंतीबाईंनी त्यांच्या घरात कारलं कधी केलंच नव्हतं, त्यामुळे कारल्याचा आवाज त्यांच्याकडे नव्हता. कोरी तबकडी.

रविवारी प्रियांका जाडजूड हिरवीगार कारली घेऊन आली आणि ओट्याशेजारी स्टूल घेऊन बसली. तांब्यांनी कारली चिरली. फोडी एकीसारखी दुसरी नव्हती. त्यांनी फोडणी केली, ती उत्तम झाली. वाटणाचा एक चौकोन घातला. मग दुसरा. शेवंतीबाईंचा मसाला अर्धा चमचा. गूळ. मग कारली टाकली, तशीच, मीठ-बीठ न लावता, आणि झाकण ठेवलं. वास असा आला की जिन्यातून कोणीतरी 'वा' म्हणत गेलं. तांब्यांना क्षणभर वाटलं, निभावलं.

ताटं वाढली. प्रियांकानं पहिला घास घेतला आणि चावायची थांबली. तांब्यांनी घेतला. इतकं कडू काही त्यांनी आजवर खाल्लं नव्हतं, औषधं धरून. तरी ते चावत राहिले. गिळलं. दुसरा घास केला. मुलीकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, ते एकामागून एक फोड खात होते, आणि कपाळावर घाम धरला होता.

"पप्पा."

"छान झालंय."

"पप्पा, थुंका ते."

"नको. छान..."

"थुंका म्हणते ना!"

ते बेसिनपाशी गेले. बराच वेळ नळ चालू राहिला. परत आले तेव्हा प्रियांका दोन्ही ताटं बाजूला सारून बसली होती.

"कोणाची कारली होती त्या दिवशी?"

"कल्पितावहिनींची."

"साली उसन्या आणलेल्या?"

"परत मागितल्या नाहीत त्यांनी."

ती हसली नाही. "मग पहिल्या रविवारची डाळ?"

"पाकीट."

"उपमा?"

"पाकीट."

"ते छोले, आईच्या मसाल्याचे?"

"छोले पाकीट. मसाला तुझ्या आईचा."

"सुकट?"

"सुकट माझी," तांबे म्हणाले. "खिचडी पाकीट."

प्रियांका उठली आणि कडू तोंड धुवायला बाथरूमकडे गेली. तोंड पुसायला आतल्या दोरीवरचा टॉवेल ओढला. मागे रिकामी पाकिटं, कारल्याच्या काळजीत मायाला द्यायची राहिलेली, ओळीनं लटकत होती, स्वच्छ धुतलेली, पाणी निथळायला उलटी. 

"एवढे रविवार मी फसले," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगत होते ऑफिसमध्ये. माझे पप्पा या वयात स्वयंपाक शिकले म्हणून."

"पाकीट नको म्हणालेलीस तू. त्याशिवाय मला येत नव्हतं. आणि घर सोडायचं नव्हतं." जरा थांबून ते म्हणाले, "बॅग भरतो. खोटं बोललो मी. तू सांगितलं होतंस आधीच."

ते खरंच आत गेले आणि पलंगाखालून बॅग ओढू लागले. बॅगेवर धूळ होती, ती त्यांनी फडक्यानं पुसली. शर्ट काढून पलंगावर ठेवले. तिसऱ्या शर्टापाशी प्रियांका दारात आली.

"भूक लागलीय," ती म्हणाली.

"कारलं आहे."

"पप्पा, प्लीज. आहे का एखादं पाकीट?"

डाळ-पुलावाचं होतं. ती पुन्हा स्टुलावर बसली आणि तांब्यांनी तिच्यासमोर ते केलं, या वेळी काही न लपवता. पाकीट कात्रीनं कापलं. फ्रीझरमधून चौकोन काढून तव्यावर विरघळवला. कोथिंबिरीच्या काड्या चिरल्या. पळी गॅसवर ठेवली आणि मग मान किंचित वाकडी करून, डोळे मिटून उभे राहिले.

"काय करताय?"

"गप. ऐकू दे."

तडतड झाली, थांबली. लसूण पडला. मग ती शांतता. तिथे पूर्वी काहीतरी ओरडलं जायचं. प्रियांकालाही ते आठवलं असणार, कारण तिनंही काही बोलायला तोंड उघडून मिटलं. मग चर्र. झाकण.

दोघं खाली बसून जेवली. मधेच ती म्हणाली, "आमच्याकडे काय होतं माहितीये? मी वागळे इस्टेटहून निघते, माजिवड्याला अडकते. सलिल त्याच्या ऑफिसातूनच ऑर्डर देतो, म्हणजे आम्ही पोचेपर्यंत जेवण पोचतं. कधीकधी जेवण आधी पोचतं आणि खाली लॉबीत आमची वाट बघतं. ते काळे डबे उघडायचे, टीव्हीसमोर खायचे. ताट नाही की काही नाही. आणि मी इथं येऊन तुमचा कचरा उपसते."

"घरी केलेलं पाहिजे, हे तूच म्हणालीस."

"घेरी आली त्या रात्रीही तुम्ही उभ्या उभ्या नूडल्स खात होतात. भांड्यातच. मला ते बघवलं नव्हतं, बाकी काही नाही. आता तुम्ही कोथिंबीर आणायला तरी खाली उतरता." तिनं भात वाढून घेतला. "पण एक सांगते. पाकीट चालेल. खोटं चालणार नाही. आणि एक तरी भाजी कच्ची आणून चिरायची. तुमची, वहिनींची नाही."

"कारलं सोडून."

"कारलं सोडून."

तिनं शर्ट पलंगावरून उचलून कपाटात ठेवले. त्यांनी घडी घातली होती तिच्यापेक्षा वाईट, म्हणून पुन्हा घालून. बॅग पलंगाखाली गेली.

खाडी दिसणाऱ्या खोलीत सलिलनं पुढच्याच आठवड्यात ट्रेडमिल आणून ठेवली. त्यावर सध्या टॉवेल वाळतात असं कळतं. तांबे आता भेंडी चिरतात, दुधी चिरतात. मायाचं म्हणणं, डबा वजनदार लागतो, पण सालांबरोबर निम्मा दुधीही जातो. रविवारी प्रियांका येतेच. मधल्या वारी, दिवेलागणीला, तांब्यांचा फोन वाजतो. ते स्पीकरवर टाकतात, म्हणून सगळ्या मजल्याला ऐकू जातो.

"पप्पा, मोहरी थांबली. आता?"

"लसूण."

"टाकला."

"ऐकव." ते फोनला कान लावतात. "अजून. अजून... हं. आता ओत डाळीत."

"डाळीत? थांबा, पाकीट अजून फोडलं नाही. कात्री कुठंय? सलिल, कात्री बघ ना! पप्पा, काळं पडतंय सगळं!"

"गॅस बंद कर," तांबे म्हणतात. "पळी पूस. परत तेल घाल. मी आहे."